कापड कोरं आलं त्या वर्षी

गजू,

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं की टाळण्याचीच सवय होऊन गेली. तू शेजारच्या सीटवर बसलेला असताना टाळलं, तू अंथरुणाला खिळलास तेव्हा टाळलं. परवा फ्युनरल होममध्ये तुझ्या फोटोशेजारी उभं राहून चार शब्द बोलायची पाळी आली, तेव्हाही मी तुझे दोन गमतीदार किस्से सांगितले आणि खाली बसलो. लोक हसले. निर्मलावहिनीसुद्धा डोळे पुसत हसल्या. तुझ्या रेवाने माझा हात धरला आणि म्हणाली, "थँक यू काका, दॅट वॉज सो बाबा." मला तिच्याकडे बघवेना.

आता इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर पानभर लिहून द्या, असा संपादकबाईंचा निरोप आहे. "तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं, काका?" असं त्या म्हणाल्या. खरं आहे. म्हणून तर हे पानभरात मावायचं नाही. त्यांना छापावंसं वाटलं तर छापतील.

तू अकोल्याच्या कृषी महाविद्यालयातून किडे शिकून आलेला, मी पुण्याहून हिशेब शिकून आलेलो. न्यू जर्सीतल्या एकाच काउंटीच्या नोकरीत दोघं लागलो, तू डास नियंत्रण विभागात आणि मी बजेट ऑफिसात. घरं जवळ, म्हणून एक आठवडा तुझी गाडी, एक आठवडा माझी. तुझ्या गाडीत बसायचं म्हणजे आधी मागच्या सीटवरचे रबरी बूट सरकवायचे. डबक्यातलं पाणी उचलून डासांच्या अळ्या बघायचं ते लांब दांड्याचं भांडं असायचं, त्याला तू ओगराळं म्हणायचास. आणि काठीला बांधलेलं ते पांढरं फलालीनचं कापड. गवतातून, झाडांच्या कडेकडेने ते ओढत न्यायचं आणि दर थोड्या अंतरावर उलटून बघायचं, किती गोचिडी चिकटल्यात. पिल्लं तर खसखशीच्या दाण्याएवढी. मी कितीदा डोळे फाडून बघितलं, मला कधी दिसली नाहीत. "तुले बजेटमधी भोक दिसते बे पुणेकर, गोचीड नाही दिसत," असं तू म्हणायचास.

मंडळाच्या पिकनिकला तू सगळ्यांच्या आधी पार्कात पोचायचास. आम्ही पातेली, सतरंज्या घेऊन येईपर्यंत तुझं कापड ओढून झालेलं असायचं. नव्याने आलेली आयटीतली पोरं बिचकायची. "काका, हे काही विधी वगैरे आहे का?" असं एकाने विचारलं होतं. तू गंभीर चेहऱ्याने म्हणालास, "हो. क्षेत्रपालाची पूजा. तू नारळ आणला का नाही?" तो बिचारा खरंच गाडीकडे निघाला. मग तू फर्मान काढायचास, इथे झाडाखाली कोणी बसायचं नाही, तिकडे कापलेल्या गवतात बसा. सावली गेली म्हणून सगळ्या बायका तुझ्या नावाने बोटं मोडायच्या आणि उन्हात बसून वांग्याचं भरीत खायच्या. वर्षानुवर्षं आम्ही तुझ्यामुळे उन्हात जेवलो आणि कोणाला काही झालं नाही. काही झालं नाही म्हणूनच कोणाला तुझी किंमत कळली नाही.

आपला जुना वाद हाच होता. मी म्हणायचो, गजू, जे घडलं नाही त्याला पैसे कसे मागणार? बजेटच्या मीटिंगमध्ये लोक विचारतात, गेल्या वर्षी या पैशांनी काय झालं? तू काय सांगणार, की काही झालं नाही? तू म्हणायचास, "भाजीत मीठ घातलेलं कोणी बोलून दाखवते का? नाही घातलं की पहिल्या घासाले ओरडतात." मी म्हणायचो, मिठाचा डबा डोळ्यांना तरी दिसतो. मग तू चिडायचास, ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांपाशी गाडी थांबवून सामोसे घ्यायचास आणि मला मुद्दाम चटणी द्यायचा नाहीस.

डासांसाठी पैसे मिळवणं सोपं होतं. डास कानाशी गुणगुणतो, माणूस रागारागाने काउंटीला फोन करतो, फोन आले की काउंटी बोर्डाचे सभासद हलतात. गोचीड आवाज करत नाही. ती चावलेलीसुद्धा कळत नाही. त्यामुळे तिच्या नावाने फोन येत नाहीत, आणि जिच्या नावाने फोन येत नाही तिला बजेटमध्ये जागा नसते. तरी तू भांडून भांडून ते काम उभं केलंस. पार्कांतल्या गोचिडी मोजायच्या, प्रयोगशाळेत पाठवायच्या, कुठे लाइम या आजाराचा जंतू सापडला तर तिथे पाटी लावायची. मदतीला लिंडा होती. राज्याच्या दक्षिणेकडच्या शेतकरी घरातली, मोठ्या हाडापेराची, तुझ्या हाताखाली सगळं शिकलेली. "गोचीड" हा शब्द तिला नीट म्हणता यायचा. दर उन्हाळ्यात ती तुला घरच्या टोमॅटोंची पिशवी द्यायची आणि तू त्यातले अर्धे मला द्यायचास.

मग ते कोरडं वर्ष आलं. वसंतात पाऊसच नाही. एका दुपारी तू घामाघूम होऊन माझ्या गाडीत बसलास आणि लहान मुलासारखा खूश होऊन म्हणालास, "आज कापड कोरं! दोन पार्क फिरलो, कोरं करकरीत!" मी म्हटलं, म्हणजे यंदा गोचिडी नाहीत? तू सीटबेल्ट लावता लावता मला शिकवायला लागलास. "अबे, कोरं म्हणजे नाहीत असं नाही. हवा कोरडी आहे, म्हणून त्या गवतावर चढत नाहीत. खाली पालापाचोळ्यात दबा धरून बसल्यात. एक पाऊस पडू दे, मग बघ. अशा वर्षी तर जास्त लक्ष ठेवावं लागते." मी ऐकलं. सगळं ऐकलं. हे मुद्दाम लिहितोय, कारण अर्धंच ऐकू आलं अशी सबब मला नाही.

त्याच सुमारास बजेटची ओढाताण सुरू होती. प्रत्येक विभागातून काहीतरी कापून द्या, असा वरून हुकूम होता. आणि ऑफिसात आपल्या दोघांबद्दल ती जुनी थट्टा चालायची, तुला माहीत आहे. एकाच काउंटीत दोन मराठी माणसं, एकाच गाडीतून येणारी. तुम्ही भाऊ का, असं लोक पहिल्या वर्षी खरंच विचारायचे आणि नंतर गमतीने. त्या आठवड्यात कॉफीच्या मशीनपाशी माझ्या वरच्या साहेबांनी हसत हसत विचारलं, "मग, यंदाही भावाचे किडे वाचवलेस का?" आजूबाजूचे हसले. मीही हसलो. पण मला वाटलं, हे सगळे मागून असंच बोलत असणार, आपल्या माणसाला सांभाळून घेतो म्हणत असणार. त्या माणसाच्या मनात तसं काही नव्हतं, हे आज मला कळतं. तेव्हा मात्र मला स्वच्छ दिसायचं होतं. आणि स्वच्छ दिसण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पहिली कात्री तुझ्यावर चालवणं.

मीटिंगमध्ये मी म्हणालो, "गोचिडींच्या कामाची यंदा तेवढी गरज दिसत नाही. फील्डवरचीच माणसं सांगतायत की कापड कोरं येतंय."

एवढंच. पालापाचोळ्याचं वाक्य मी उच्चारलं नाही. कोणी पुढे प्रश्न विचारला नाही. ज्याला त्याला पुढच्या विषयावर जायचं होतं. काउंटीने आपला वाटा काढून घेतला. तो वाटा घातला तरच राज्याचं अनुदान मिळणार होतं, त्यामुळे तेही गेलं. लिंडाची हंगामी जागा गेली. पाट्या लागणार होत्या त्या लागल्या नाहीत. साहेबांनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.

संध्याकाळी तू गाडीत बसलास. मग सिग्नलला गाडी थांबल्यावर म्हणालास, "कोणीतरी आतून बोललं रे. 'फील्डवरची माणसं' म्हणे. फील्डवर आम्ही दोघंच. मी आणि लिंडा." लाल दिव्याकडे बघत तू पुढे म्हणालास, "लिंडाच असणार. दुसऱ्या विभागात कायमची जागा पाहिजे होती तिला. तिकडच्यांना खूश करायला बोलली असंल."

तू मला प्रश्न विचारला नव्हतास. गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. पण मी म्हणालो, "असेल."

त्या एका शब्दावर तू लिंडाशी बोलणं तोडलंस. तिने केलेले फोन तू उचलले नाहीस. दुसऱ्या राज्यात नोकरीसाठी अर्ज करताना तिला तुझी शिफारस हवी होती, तू उत्तर दिलं नाहीस. एकदा पार्किंगमध्ये ती आपल्या गाडीपाशी येऊन उभी राहिली. हातात टोमॅटोंची पिशवी होती. तिने काच वाजवून विचारलं, "माझं काही चुकलं का?" तू समोर बघत राहिलास आणि मला म्हणालास, "पुणेकर, चल." त्या आठवड्यात गाडी माझी होती. ॲक्सिलरेटर मी दाबला.

गजू, तू माणसांना तोडणारा माणूस नव्हतास. पिकनिकला बोटं मोडणाऱ्या बायकांना तू स्वतः भरीत वाढायचास. तू आयुष्यात एकच माणूस तोडलंस, आणि ते माझ्यामुळे.

त्या वर्षीच्या पिकनिकला तू कापड आणलं नाहीस. "यांना नको, तर मी कशाला ओढत बसू?" असं म्हणालास. आम्ही पहिल्यांदाच झाडाखाली, मस्त सावलीत बसलो. आदल्याच आठवड्यात पाऊस झाला होता. सगळे म्हणत होते, बरं झालं बाई, एकदाचं उन्हातून सुटलो. वहिनी झाडाच्या मुळाशी टेकून बसल्या होत्या आणि गाणी म्हणत होत्या, ते मला अजून दिसतं.

उन्हाळा संपता संपता त्यांचा गुडघा सुजला. मग थकवा, मग बोटं वळेनात. डॉक्टर बरेच महिने संधिवात म्हणून औषध देत राहिले. लाइम आहे हे कळायला उशीर झाला, आणि उशीर झाला की सगळं पूर्ववत होतंच असं नाही. मंडळाच्या कार्यक्रमांत पेटी वाजवणाऱ्या वहिनींनी ती परत कधी वाजवली नाही. तू मला म्हणाला होतास, "एका गोचिडीचा माग काढता येत नाही, पुणेकर. आपल्या परसातली असंल, पार्कातली असंल, कुठली म्हणून सांगू?" हे तू शास्त्रज्ञ म्हणून बोललास. मग नवरा म्हणून बोललास, "पण मी कापड नेलं नाही त्या दिवशी."

तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. ती गोचीड माझ्या वाक्यामुळे चावली असं मी म्हणत नाही, तूही म्हणाला नसतास. पण तू कापड का नेलं नाहीस, हे मला ठाऊक होतं. तुझ्या खांद्यावरचं निम्मं तरी ओझं मी तिथल्या तिथे उतरवू शकत होतो. मी विचारलं, "चहा घेणार?"

निवृत्तीनंतरही तू थांबला नाहीस. दर वसंतात काउंटीच्या बजेटवर लोकांचं म्हणणं ऐकतात, त्या हिअरिंगला तू बगलेत कापडाची घडी घेऊन जायचास. मिळायची तीन मिनिटं. सुरुवातीला हसायचे, नंतर तुझी ओळख झाली, नंतर थोडे पैसे परत मिळाले, मग पुन्हा गेले. तू दर वर्षी मला म्हणायचास, "तू ये ना. बजेटवाल्याचं ऐकतात." मी दर वर्षी दुखऱ्या गुडघ्याची सबब पुढे करायचो. यंदा वॉशिंग्टनहून येणारे पैसेच आटणार अशा बातम्या यायला लागल्या, तेव्हा तू हृदयाने पार थकला होतास. तरी फोनवर म्हणालास, "आता तरी जा बावा. माह्याऐवजी तू बोल." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्या कलेत मी तरबेज आहे.

शेवटचा भेटलो ती दुपार. रेवाने चहा केला होता, त्यात इतकं आलं की तुला ठसका लागला, आणि तू म्हणालास, "पोरगी मला आजच पाठवते." ती म्हणाली, "बाबा, नॉट फनी." ती कप घेऊन आत गेल्यावर तू माझ्याकडे वळलास.

"लिंडा कुठे असते, माहीत आहे का रे?"

मी नकारार्थी मान हलवली.

"सापडली तर सांग तिले, मी सोडून दिलं सगळं. नोकरीसाठी माणूस बोलून जाते कधी. मीच जास्त ताणलं. माफ केलं म्हणाव."

वहिनी पलंगाच्या पायथ्याशी बसून तुझे मोजे गुंडाळत होत्या. तुझा हात माझ्या हातात होता. त्याहून सोपी वेळ देवानेही आणून दिली नसती. एवढंच म्हणायचं होतं, की गजू, तिला माफी द्यायला तिचा गुन्हाच नाही. मी काय म्हणालो?

"सांगतो."

त्यानंतर तू आठवडाही काढला नाहीस.

लिंडा आली होती रे. रेवाने टाकलेली बातमी तिने कुठेतरी वाचली आणि सकाळपासून गाडी चालवत आली. केस पांढरे झालेत, उभी राहण्याची ढब तीच. मागच्या रांगेत एकटीच बसली होती, आपल्या लोकांत कुठे बसावं कळेना म्हणून. मी ते किस्से सांगून खाली बसल्यावर ती उठून बाहेर गेली आणि मीही तिच्यामागे गेलो. पार्किंगमध्ये, गाड्यांच्या मधे उभं राहून मी तिला सगळं सांगितलं. मीटिंगमधलं वाक्य, सिग्नल, "असेल". तुझा माफीचा निरोपही सांगितला, कारण सांगतो म्हटलं होतं. 

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एकदा त्याच्या डब्यातला ठेचा मी नको म्हटला होता. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्याचाच राग आला असेल."

मला रडू आलं. तिने मला जवळ घेतलं नाही, आणि ते बरोबरच होतं. ती म्हणाली, "मला सांगून तुझं काम झालं असं समजू नकोस. त्याच्या बायकोला सांग. मुलीला सांग. आणि त्याला सांगायला हवं होतंस." मग ती परत आत गेली आणि तुझ्या फोटोसमोर उभी राहिली. ओठ हलत होते. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतंही.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी गेलो. वहिनींना आणि रेवाला समोर बसवून सांगितलं. रेवा उठून दुसऱ्या खोलीत गेली. वहिनी ताठरलेल्या बोटांनी पदराचं टोक सरळ करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "भाऊजी, ते शेवटपर्यंत म्हणत होते, मी कापड न्यायला हवं होतं. तुम्ही बोलला असतात तर निदान त्यांना कळलं असतं, आपण कशावर रुसलो होतो ते." मग नेहमीसारखा चहा करून दिला. समोर बसल्या मात्र नाहीत.

जाताना रेवा दाराशी आली. डोळे लाल होते. तिने विचारलं, "हिअरिंगला तुम्ही जाणार का, काका? ऑर शूड आय?" मी म्हटलं, मी जातो. ती म्हणाली, "देन टेल देम ऑल ऑफ इट." सगळं सांगा.

मी नाव नोंदवलंय. गुडघा खरंच दुखतो, पण आता त्याचं नाव पुढे करणार नाही. तीन मिनिटांत मी त्यांना सांगेन की एका कोरड्या वर्षी एका माणसाने मला पूर्ण वाक्य सांगितलं होतं आणि मी याच इमारतीत त्यातलं अर्धं सांगितलं. उरलेलं अर्धं हे घ्या. कापड कोरं आलं म्हणजे गोचिडी नाहीत असं नाही, त्या खाली बसल्यात. अशाच वर्षी जास्त लक्ष ठेवावं लागतं. यातून पैसे मिळतील की नाही, सांगता येत नाही. तू असतास तर म्हणाला असतास, "तुले तीन मिनिटं पुरतील का बे? स्वतःचीच गोष्ट सांगत बसशील." खरं आहे. सांभाळून बोलेन.

पण ते काउंटीला सांगणं झालं. तुला सांगायचं राहिलंच. मी अजूनही त्या सिग्नललाच उभा आहे, गजू. तू शेजारी बसला आहेस, पायाशी तुझे चिखलाचे बूट आहेत, आणि तू म्हणतोयस, लिंडाच असणार. दिवा लाल आहे. माझ्याकडे भरपूर वेळ आहे.

नाही गजू, ती नव्हती. मी होतो. मला माफ कर.